पाचवं घर

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शब्दांचा नाद होता. कोणाला तपकिरीचा असतो, कोणाला पत्त्यांचा, यांना शब्दांचा. देवळालीच्या छावणीत ते गोऱ्या साहेबांना मराठी शिकवायला जायचे. मराठी पलटणीवरच्या साहेबाला मराठीची परीक्षा द्यावी लागे आणि ती पास करून देणं हा अण्णांचा उद्योग. सकाळी सायकलवर टांग मारून निघायचे ते दुपार कलली की परत. साहेबांच्या डोक्यात मराठी किती शिरत होती देव जाणे, पण अण्णांच्या डोक्यात इंग्रजी रोज नवी शिरायची आणि ती सगळी आमच्या जेवणाच्या पानांवर सांडायची.

एक दिवस हातपाय धुऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "आज एक गमतीचा शब्द मिळालाय. कॅज."

आई म्हणाली, "आमटी निवतेय."

पण अण्णांचा शब्द सांगून झाल्याशिवाय घास उतरायचा नाही. शिकवणी चालू असताना म्हणे एक सार्जंट आत आला, साहेबाच्या डबीतल्या दोन सिगरेटी हसत हसत उचलल्या आणि एक कानामागे खोचून चालता झाला. साहेब म्हणाला, याला आम्ही कॅज करणं म्हणतो. अण्णांनी विचारलं, म्हणजे भीक मागणं? साहेब म्हणाला, छे, भीक मागणारा रडतो, कॅज करणारा हसतो. पुस्तकात नाही तुम्हाला हा शब्द सापडायचा, हा आपसातला, बराकीतला शब्द. मग साहेबाने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या मुलखात, उत्तरेकडे, पूर्वी कॅजर नावाची माणसं असत. घोड्यावर टोपल्या लादून खेड्यातली अंडी, लोणी, कोंबड्या शहरात न्यायची आणि येताना शहरातल्या सुया, दोरे, मीठ खेड्यात आणायची. चांगला इज्जतीचा धंदा. त्याच माणसाच्या नावाला पुढे फुकट मागण्याचा अर्थ कसा चिकटला, ते काही साहेबाला सांगता आलं नाही. अण्णा त्यावर चार दिवस डोकं खाजवत होते.

ताईने माझ्या ताटातला पापड उचलला आणि थेट अण्णांच्या आवाजात म्हणाली, "मी भीक मागत नाहीये हं, कॅज करतेय." आम्ही खूप हसलो. अण्णासुद्धा. आमच्या घरात असं हसणं होतं, हे कोणाला सांगितलं तर आता मलाच खोटं वाटतं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सावळी, उंच आणि नकला करण्यात पटाईत. आळीतलं एक माणूस तिने सोडलं नव्हतं. पण सावळ्या, उंच मुलीला नकलांचा काय उपयोग? तिला दाखवून दाखवून आईचे पोहे करणारे हात दुखायला लागले होते. सतरावं संपत आलं तशी आळीतल्या बायका आईशी बोलताना आवाज खाली आणायला लागल्या. आणि मग त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला पिंपळगाव बसवंतचं स्थळ आलं. मुलगा नांदगावला शाळेत मास्तर. वडील नव्हते, आई होती, घरचं थोडं शेत होतं. त्याने बघायला आल्यावर ताईला एकच प्रश्न विचारला, "वाचायला आवडतं का?" ताई म्हणाली, "मिळालं तर." तो हसला आणि होकार देऊन गेला.

ते गेल्यावर मी ताईच्या मागे लागले, त्याची नक्कल कर ना, त्याची कर ना. तिने नाही केली. ती पहिल्यांदाच नाही म्हणाली. मग मलाही कळलं काय ते.

मुलाची आई सरळ बाई होती. देण्याघेण्याचं काढलंच नाही तिने. म्हणाली, "आम्हाला काही नको. माणसं खरी असावीत, देवधर्म असावा आणि घर खाऊनपिऊन सुखी असावं. उद्या मुलीच्या माहेराला आधार द्यायची वेळ माझ्या पोरावर यायला नको, त्याचा पगार तो केवढा." लग्न वैशाखात करायचं ठरलं. आई देवापुढे साखर ठेवून रडली. वैशाखापर्यंत सगळं नीट राहावं, एवढंच तिचं मागणं होतं.

दिवाळी झाली आणि पलटण हलली. सरहद्दीवर की कुठे. नवी पलटण आली तिने आपला मुन्शी बरोबरच आणला होता. अण्णा आठ-दहा वेळा देवळालीला जाऊन फाटकावरून परत आले. मंदीचे दिवस. ज्यांच्या नोकऱ्या होत्या तेच जीव मुठीत धरून बसले होते, यांना कोण विचारतो? एका ओळखीच्या माणसाने भुसाराच्या दुकानात बसायला बोलावलं होतं, पोती मोजून घ्यायला. अण्णा म्हणाले, "मी मास्तर आहे, मापाडी नाही." हे वाक्य मी त्यांना कधी माफ केलं नाही. आज ते नाहीत, मी त्यांच्याहून म्हातारी झाले, तरी नाही.

घरात चार माणसं आणि डब्यांचे तळ दिसायला लागलेले. आईची तांब्यापितळेची भांडी फळीवर ओळीने मांडलेली होती, चिंचेने घासून लखलखीत. विकली असती तर दोन-तीन महिने निघाले असते. पण फळी दारासमोर. पिंपळगावचं कोणी बाजाराला आलं, सहज डोकावलं, तर रिकामी फळी पहिली दिसायची. भांडी तशीच राहिली, घासायला चिंच मात्र उरली नाही. भांडी मी आणि ताई राखेने घासायचो.

मळ्यातून भाजी घेऊन येणारी माळीण दारात टोपली टेकवायची. "लय दिस झालं आई, काय घेत नाय तुम्ही. ही मेथी राहू द्या, पैशाचं मागून बघू." आई म्हणायची, "नको गं बाई, सध्या उपास चाललेत." उपास. शब्द तसा खोटा नव्हता.

शेजारून उसनं आणणं हा सगळ्यांचाच रिवाज होता. पण त्याची एक रीत असते. वाटी सपाट आणली तर शीग लावून परत करायची आणि भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चार दाणे साखरेचे तळाशी टाकायचे. पहिली उसनी वाटी आईने परत केली. दुसरी परत करायला वेळ लागला. तिसऱ्यांदा वाटी हातात घेतली आणि उंबऱ्यापाशी जाऊन तशीच उभी राहिली. मग वळली आणि वाटी पालथी घातली. "परत करता येत नाही ते उसनं नव्हे," म्हणाली. त्यानंतर तिने आळीत कोणाकडे काही मागितलं नाही.

अण्णांचं उलट. त्यांना त्यांचा शब्द सापडला होता. आधी ते दुसऱ्याच्या डबीतली चिमूटभर तपकीर ओढायचे, "बघू, नवीन दिसतेय" म्हणत. मग सुपारी. मग न्हाव्याच्या दुकानातलं वर्तमानपत्र, मग कोणाच्या तरी बरोबर फुकटचा चहा, मग चहाबरोबर भजी. आणि हे सगळं हसत. चार विनोद सांगायचे, साहेबांच्या मराठीच्या गमती सांगायच्या आणि बशी पुढे ओढायची. घरी येऊन आम्हाला ऐकवायचे, "भीक आणि कॅज यात फरक आहे. आपण गंमत देतो, त्याचा मोबदला घेतो." इंग्रजीत म्हटलं की लाज धुऊन निघते, असं त्यांना खरंच वाटत असावं. लोक पहिल्यांदा हसले. नंतर ते दिसले की डबी कनवटीला जायला लागली. मी शाळेतून येताना एकदा पाहिलं, हॉटेलातले दोघे तिघे त्यांना बघून उठून गेले आणि अण्णा त्यांच्या रिकाम्या बाकावर बसून कोणाची तरी वाट बघितल्यासारखं करत होते. मी दुसऱ्या गल्लीने घरी गेले.

आई त्यांना एकदाच म्हणाली, "वैशाखापर्यंत तरी तोंड आवरा. पोरीचं लग्न आहे."

"लोक काय, मित्रच आहेत," अण्णा म्हणाले.

"मित्र पिंपळगावला जात नाहीत का?"

अण्णा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

मग आईने जोगवा काढला. आमच्या घरात वणीच्या देवीचा कुळाचार. नवरात्रात घरच्या सवाष्णीने परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा, हे पिढ्यांपासूनचं. वेताची उथळ टोपली ती परडी. कितीही श्रीमंत घर असो, त्या दिवशी बाई दारात उभी राहून मागते. कोणी मूठभर तांदूळ घालतं, कोणी पीठ आणि वर मागणारीलाच हळदकुंकू लावून पाया पडतं. मिळालेलं शिजवून घरच्यांनी प्रसाद म्हणून खायचं. परत करायचं काही नाही. हे आईच्या ध्यानात आलं. मार्गशीर्षात तिने आळीत सांगितलं की मुलीचं लग्न निर्विघ्न पार पडावं म्हणून मंगळवार-शुक्रवारचा जोगवा बोललेय, लग्न होईपर्यंत. बायकांना भारी कौतुक वाटलं. मी परडीबरोबर जायची, कारण कुमारिका बरोबर असली तर चांगलं.

पहिल्या मंगळवारी आम्ही घरी आलो तेव्हा परडीत होतं ते सगळं मिळून एका माणसाच्या पोटाचं. जोगवा म्हणजे विधी, पोटाची खळगी भरायला थोडाच घालतात तो? एकीने पाच दाणे घातले होते, मोजून. शिवाय सगळी पिठं एकत्र. ज्वारी, बाजरी, गहू, कोणाचं तांदळाचं. ताई भाकरी थापायची ती काठाला फुटायची, तव्यावर टाकताना तुकडे व्हायचे. आम्ही ते तुकडे खायचो. आई म्हणायची, प्रसाद आहे, नावं ठेवू नका.

आमच्याकडे अशी रीत आहे की जोगव्याचं पाचवं घर ज्या बाईचं येईल तिने परडी पुरी करायची. जोगवा तिच्या हातून पूर्ण होतो, पुण्य तिचं मोठं. म्हणून पाचव्या घरी हात सैल सुटतो. मापभर धान्य घालतील, खोबऱ्याची वाटी ठेवतील, गूळ ठेवतील. बायका विचारायच्याच, "कितवं घर माझं?" आणि पाचवं म्हटलं की चेहरा खुलायचा.

पौषात कधीतरी आईने दुसऱ्याच घरी सांगितलं, "पाचवं."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. त्या बाईने आत जाऊन शेरभर बाजरी आणली, वर गुळाचा खडा. गल्लीच्या वळणावर आईने परडी पदराखालच्या पिशवीत रिकामी केली, तळाला चार तांदूळ ठेवले आणि पुढच्या दाराशी गेली. तिथेही पाचवं. त्या दिवशी आम्ही पोटभर जेवलो. ताईने मला विचारलं, "इतकं कसं?" मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "देवीची कृपा." मग पाटावरून उठून देवापुढे जाऊन बसली, बराच वेळ.

आळीत हे चालणार नव्हतं. बायका पाण्यावर भेटतात, बोलतात. म्हणून आम्ही गंगेपलीकडे, पंचवटीत जायला लागलो. तिथे आम्हाला ओळखणारं कोणी नाही, यात्रेकरूंनी भरलेली घरं, माणसं रोज वेगळी. आई चांगलं लुगडं नेसायची, नाकात नथ घालायची. जोगवा मागणाऱ्या बाईला नथ शोभते, भिकारणीला कोण नथ घालू देतं? पूल ओलांडताना घाटावर बसलेल्या भिकाऱ्यांची रांग दिसायची. थाळ्या पुढे ठेवून, दिवसभर तेच ते ओरडत. आई त्या बाजूला मान वळवायची नाही. एकदा मी म्हटलं, "आई, यांना निदान खोटं बोलावं लागत नाही." तिने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

पुढे शिकले, शाळेत मास्तरीण झाले, तेव्हा एका वाचनालयात जाडजूड इंग्रजी कोश होता त्यात मी अण्णांचा तो शब्द शोधला. साहेबाने सांगितलं ते बरंचसं खरं होतं. आधी कॅजर म्हणजे ओझी वाहून फेरी करणारा. मग किरकोळ, भटका विक्रेता. मग गोड बोलून उपटणारा, आणि शेवटी सरळ भिकारी. शिकारी ससाणे बसवून न्यायच्या लाकडी चौकटीलाही तसंच काहीसं नाव, तिच्याशी याचं नातं असेल नसेल, मूळ नक्की ठाऊक नाही म्हणे. मला तो कोश मिटून टाकावासा वाटला. चार ओळींत उतरंड लिहिली होती, पण एका पायरीवरून खालच्या पायरीवर माणूस येतो कसा, ते कुठे होतं त्यात? मी सांगते. टोपली तीच असते, दारंही तीच असतात. एक दिवस टोपलीत माल थोडा कमी असतो. तरी सवयीने दारात जायचं, दोन गोड शब्द बोलायचे, कोणी काही दिलं तर घ्यायचं. मग एक दिवस टोपलीत काहीच नसतं आणि तरी पोटासाठी त्याच दारात जावं लागतं. दार उघडणाऱ्याला फरक आधी कळतो. जाणाऱ्याला फार उशिरा.

माघातला शुक्रवार होता. पंचवटीत एका उपाध्यांचं घर होतं, त्याच्या समोरच्या घरी आम्ही आधी गेलो. मोठं घर, चौकात पाच-सहा बायका वाती वळत बसलेल्या. आईने सांगितलं, पाचवं. घरच्या बाईने परडी भरली, आईला हळदकुंकू लावलं, माझ्या हातावर लाडू ठेवला. बाहेर येऊन आईने कोपऱ्यावर पिशवी भरली. तिथेच थांबायला हवं होतं. पण त्या दिवशी आईला चांगलं मिळत होतं आणि चांगलं मिळत असताना माणूस थांबत नाही. समोरच्या उपाध्यांच्या दाराशी जाऊन तिने हाक दिली, "आईचा जोगवा वाढा."

आतून पदर सावरत बाहेर आली ती पिंपळगावची, मुलाची आई.

सासऱ्यांच्या श्राद्धासाठी आली होती, दरवर्षीप्रमाणे आपल्या उपाध्यांकडे उतरली होती. आमच्याकडे उद्या यायचंच होतं तिला, म्हणाली. त्या बाईला काही संशय आला नाही. उलट तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "विहीणबाई, तुम्ही? जोगवा? मुलांसाठी बोललात होय? आणि एवढ्या लांब, पायी?" तिने आईचे दोन्ही हात धरले. "कितवं घर माझं?"

आई तरी काय बोलणार? सहावं, वरचं घर म्हणाली असती तर तिथेच निभावलं असतं. इतक्या दिवसांच्या सवयीने तोंडातून आलं, "पाचवं."

"माझं भाग्य," ती म्हणाली आणि आत धावली. सुपात बाजरी घेऊन आली, वर नारळ, खण. सूप परडीवर तिरकं केलं आणि बाजरी पडायला लागली, एवढ्यात समोरच्या घरातून उपाध्यांची बायको वातींची टोपली काखेत मारून परत आली. आईकडे बघून हसली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. "अगं बाई, आता समोर होतात ना? मी तिथेच बसले होते. समोरचं पाचवं झालं म्हणून तिनं केवढं भरभरून घातलं. आणि आमच्याकडे पण आलात का?"

बाजरी पडायची थांबली.

मुलाची आई सूप तसंच धरून उभी होती. तिने परडीकडे पाहिलं. समोर भरभरून घातलेलं परडीत नव्हतं. मग तिची नजर आईच्या पदराकडे गेली, पिशवीने फुगलेल्या. मग माझ्याकडे. मी लाडू मागे लपवला. का लपवला कोणास ठाऊक, तो तर मला दिलेला होता.

तिने उरलेली बाजरी परडीत घातली. नारळ ठेवला, खण ठेवला, उपाध्यांच्या बायकोला सांगून आईला कुंकू लावायला लावलं. फक्त पाया पडली नाही. "उन्हाचं आलात, पाणी घ्या," म्हणाली. आईने पाणी घेतलं नाही. पुलावरून येताना आई घाटाकडे बघत होती, त्या रांगेकडे, अगदी टक लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टांगा थांबला. ती एकटीच उतरली. टांगेवाल्याने एक पोतं उचलून ओट्यावर ठेवलं. आईने सतरंजी घातली. ती बसली नाही. तिची नजर आधी फळीवरच्या भांड्यांवर गेली आणि मग चुलीकडे, जिथे काही शिजत नव्हतं.

"गरिबीचं मला काही नाही," ती म्हणाली. "मी पण विधवा बाई, दिवस काढलेत. येऊन सांगितलं असतंत तरी मी मुलगी केली असती. पण विहीणबाई, जोगवा माझ्या पोराच्या लग्नाचा होता. देवीला त्याच्या नावाने किती वेळा खोटं सांगितलंत? किती पाचवी घरं केलीत? उद्या त्याला काही झालं, तर मी कोणाला विचारू?"

आई खांबाला धरून उभी होती. बोलले ते अण्णा. पहिल्यांदा हसले. ती त्यांची जुनी सवय. म्हणाले, "अहो, बायकांच्या गोष्टी, एवढं काय मनावर..." तिने फक्त बघितलं त्यांच्याकडे. मग अण्णांचं हसू गेलं. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि तिच्या पायांपाशी ठेवलं आणि गुडघ्यांवर बसले. एवढं बोलणारा माणूस, त्यांना एकही शब्द आठवला नाही. नुसते "बाई, बाई" म्हणत होते आणि रडत होते. ती दोन पावलं मागे सरली, जणू पागोट्याला पाय लागला तर तिलाच पाप लागेल.

"मुलीत काही खोट नाही," जाताना ती म्हणाली. "पण माझं मन धजत नाही. पोतं राहू द्या, माझ्याकडून."

ताई माजघराच्या दारामागे होती. तिने सगळं ऐकलं होतं. पुढचं एकदाच सांगून टाकते, म्हणजे परत सांगायला नको. तिचं लग्न झालं नाही. बोलवा पंचवटीतून आळीत यायला आठवडासुद्धा लागला नाही. मग कोण येतंय विचारायला? ती शिवण शिकली, लोकांचे कपडे शिवत राहिली, आईला तिनेच शेवटपर्यंत सांभाळलं आणि नक्कल तिने पुन्हा कोणाचीच केली नाही. मास्तराने दुसरी मुलगी केली. चांगला होता तो, असं मला अजून वाटतं आणि त्याचा मला राग येतो.

त्या दिवशी ते पोतं दुपारपर्यंत ओट्यावर तसंच पडून होतं. आई म्हणाली, "परत पाठवा ते. टांगा करा, डोक्यावर न्या, काहीही करा. ते मला घरात नको." अण्णा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते. पागोटं जमिनीवरच पडलेलं. मी उंबऱ्यावर बसून पोत्याकडे बघत होते. भूक लागली होती आणि भूक लागलीय हे बोलायची मला लाज वाटत होती.

दिवेलागणीच्या आधी ताई बाहेर आली. पोत्याचे दोन कान धरून तिने ते ओढत घरात आणलं. तोंड उसवलं. सुपाने बाजरी काढली, पाखडली, जात्याशी बसली आणि दळायला लागली. आई म्हणाली, "अगं, काय करतेस? तुला काही वाटतं का?" ताई दळत राहिली. पीठ झालं, चूल पेटली, भाकरी झाल्या. तिने अण्णांना हाताला धरून पानावर आणून बसवलं, मला वाढलं, स्वतःचं वाढून घेतलं आणि जेवायला लागली. अजिबात थांबली नाही, एकामागून एक घास. आई खांबापाशी उभीच.

ताईने घास गिळला आणि तिच्याकडे बघून म्हणाली, "आई, जेव. आता कोणासाठी लपवायचंय?"

आई मग पाट घेऊन तिच्या शेजारी बसली आणि जेवली.